पाटणकरबाईंचं एम.एस्सी.

पाटणकरबाई कॉम्प्युटरला ‘अहो’ म्हणायच्या.

पहिल्याच प्रॅक्टिकलला ही गोष्ट सगळ्या लॅबला कळली. बाईंनी बराच वेळ घेऊन, एका बोटाने, छोटासा प्रोग्रॅम टाइप केला आणि एंटर दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरात चूक उमटली. आमच्यापैकी कोणी असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. बाई पुढे वाकल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “अहो, नीट ऐकू आलं नाही. परत एकदा सांगता का?” शेजारच्या मुलाने विचारलं, मशीनला कुणी अहो-जाहो करतं का. बाईंचं म्हणणं पडलं की अरे-तुरे करण्याइतकी आमची अजून ओळख झालेली नाही.

ओळख पुढे दोन वर्षं वाढत गेली, पण ‘अरे’वर काही आली नाही.

विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या आमच्या वर्गात सगळे विशी-बाविशीतले, आणि या एकट्या साठीच्या. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. फार पूर्वी गणित घेऊन बी.एस्सी. केलं होतं, ते सर्टिफिकेट कपाटातून काढून त्यांनी प्रवेश परीक्षा दिली आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स शिकायला आमच्या बाकावर येऊन बसल्या. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीच्या सुती साडीत त्या दारातून आत आल्या तेव्हा नव्या प्राध्यापक समजून सगळा वर्ग उठून उभा राहिला. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि लगबगीने एका बाकामागे जाऊन त्याही उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मागून सर आले.

त्यांना ‘काकू’ म्हणायची सोय नव्हती. काकू मी घरी, इथे विद्यार्थिनी, असं त्यांनी एकदाच आणि थोडक्यात सांगितलं होतं. म्हणून त्या पाटणकरबाई. त्या मात्र झाडून सगळ्या वर्गाला ‘अहो’ म्हणायच्या. मी केदार. जन्मात मला ‘अहो केदार’ अशी हाक एकट्या त्यांनीच मारली. पुढे माझं लग्न झालं, पण तो मान तिथेही मिळाला नाही.

त्यांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ट्रंक कॉलच्या काळात पुण्याहून बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या ज्या बायका असत, त्यांतल्या त्या एक. खालच्या पट्टीतला, किंचित लांबून आल्यासारखा आवाज. त्या बोलायला लागल्या की आपण कुठल्यातरी दूरच्या गावाला फोन लावलाय आणि पलीकडे आत्ता कोणीतरी उचलणार आहे, असं वाटत राहायचं. डिपार्टमेंटच्या मागे शिरीषाची मोठी झाडं होती. दुपारी लॅबच्या खिडकीतून त्यांची सावली की-बोर्डांवर हलायची, एसी एका सुरात गुणगुणायचा, आणि बाई हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेल्या असायच्या. हेडफोनची वायर कित्येकदा कशालाच जोडलेली नसायची. विचारलं तर म्हणायच्या, “जरा लाइनवर आहे.”

माणसं त्यांना चेहऱ्याने लक्षात राहत नसत, आवाजाने राहत. आणि प्रत्येक आवाज त्यांना एखाद्या जागेसारखा दिसायचा. आमच्या विभागप्रमुखांचा आवाज म्हणजे जुना जिना, मध्येच वळतो आणि तिथे दिवा नाही. वर्गातल्या एका मुलीचा आवाज म्हणजे सकाळी नुकतीच धुतलेली गच्ची. मी मोठ्या आशेने माझ्याबद्दल विचारलं. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “खोली चांगली आहे हो. पण सामान अजून यायचंय.”

अभ्यासात त्या हुशार होत्या असं म्हणवत नाही. मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस त्यांना पुन्हा पहिल्यापासून घोकावं लागलं. एका चाचणीत तर त्या चक्क नापास झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच नापास झाले म्हणून दुसऱ्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या करून आणल्या आणि वर्गभर वाटल्या. पण न्यूरल नेटवर्क शिकवायला सुरुवात झाली तशी त्यांची मान वर आली. सर सांगत होते की मशीन आधी अंदाजाने काहीतरी उत्तर देतं, मग ‘लॉस फंक्शन’ त्याला सांगतं की तुझं किती चुकलं, मग मशीन स्वतःला थोडं बदलतं, परत उत्तर देतं, परत त्याला सांगितलं जातं की अजूनही चुकलंच. बाईंनी हात वर केला.

“म्हणजे सर, सासू.”

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. थोडा विचार करून ते म्हणाले की तत्त्वतः बरोबर आहे. त्या दिवसापासून आमच्या बॅचमध्ये लॉस फंक्शनला दुसरं नाव राहिलं नाही. तोंडी परीक्षेत एकाने ते बाहेरच्या परीक्षकांसमोरही वापरलं म्हणतात.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी जोड्या लावायच्या होत्या. ज्या दिवशी त्या लागल्या त्या दिवशी मी डेंग्यू होऊन कर्वेनगरच्या खोलीवर पडलो होतो. परत आलो तेव्हा सगळ्या जोड्या झाल्या होत्या आणि उरलेल्या दोन नावांपुढे एकच कंस होता: पाटणकर आणि मी. मला नोकरीच्या मुलाखतीत सांगता येईल असं काहीतरी चकचकीत करायचं होतं. बाईंचा विषय आधीच ठरलेला होता. त्यांना एका माणसाचं बोलणं कळेल असं मशीन बनवायचं होतं.

सरांनी समजावलं की हजारो माणसांचं बोलणं समजणारं मशीन असतं. एकाच माणसासाठी असला खटाटोप कोणी करत नाही, त्याचा उपयोग काय? बाई म्हणाल्या, “मला हजारांचं नकोय सर. एकाचंच हवंय.” पुण्यात एखादा माणूस इतक्या शांतपणे बोलला की पुढे वाद घालण्यात अर्थ नसतो, हे सर जाणून होते. त्यांनी सही केली.

मग बाईंनी मला फोनवरचं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. कुणीतरी पुरुष बोलत होता. निदान बोलायचा प्रयत्न करत होता. व्यंजनं सगळी गळून गेलेली, नुसते स्वर, त्यातही ओढलेले. मी म्हणालो, हे मराठी आहे का तेही कळत नाही; कुठल्या हॉस्पिटलमधून मिळालं? बाईंनी फोन पदराने पुसला. “आमचे हे,” त्या म्हणाल्या.

त्या रविवारी मी पहिल्यांदा कोथरूडला त्यांच्या घरी गेलो. पाटणकरकाका खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, पाय बरेचसे परतले, लिहिता हात आणि बोलणं परतलं नाही. गंमत अशी की काकाही टेलिफोन खात्यातलेच. ते कराडच्या एक्स्चेंजला आणि बाई पुण्याला. एकमेकांना पाहिलेलं नसताना रोज शंभर मैलांच्या तारेवरून बोलायचे, तेही एवढंच, की पुणे बोला, कराड जोडतोय. एकदा काकांनी कॉल जोडायच्या आधी लाइन जरा धरून ठेवली आणि म्हणाले, तुम्हाला सर्दी झालीय, रात्री वाफ घ्या. बाई सांगत होत्या, घरच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते या माणसाला कराडात बसून कळलं. मग पुढचं सगळं रीतसर झालं.

आता काकांचं बोलणं फक्त बाईंना कळायचं. मुलगी नाशिकला. ती फोन करायची, काका काहीतरी सांगायचे, आणि ती थोडा वेळ ऐकून म्हणायची, “बाबा, आईला देता का?” त्यात तिचा काही दोष नव्हता. पण बाई शेजारी बसून ते ऐकायच्या.

“मी आधी गेले तर यांचं कोण ऐकणार?” त्यांनी मला विचारलं. नोकरीच्या मुलाखतीत काय सांगायचं याचा विचार त्यानंतर मी केला नाही.

पुढचे कित्येक रविवार मी तिथे जाऊ लागलो. काका बोलायचे, आम्ही रेकॉर्ड करायचो आणि त्याचा अर्थ बाई सांगायच्या. तो लिहून आम्ही मशीनला शिकवायचो. काका काही बोलले आणि बाईंनी “अजून पोहे घ्या म्हणतायत” असं सांगितलं की मी घ्यायचो. मशीन जरा शहाणं झाल्यावर लक्षात आलं की बाईंच्या भाषांतरात मूळ बोलण्याची फार मोठी सुधारणा होत होती. एका रविवारी काका काहीतरी बोलले, बाई म्हणाल्या, “तब्येत जपा म्हणतायत,” आणि लॅपटॉपवर अक्षरं उमटली: हा मुलगा फार खातो. काकांनी स्क्रीन वाचली. त्यांचं अर्धं तोंड हसलं, आणि ते अर्धं हसणं इतकं आनंदाचं होतं की मी आणखी एक बशी घेतली.

तिथपासून काकांना मशीन आवडू लागलं. इतके दिवस बायकोच्या सभ्यतेच्या चाळणीतून जाणारं त्यांचं बोलणं आता थेट बाहेर येत होतं. क्रिकेटच्या संघनिवडीपासून खालच्या मजल्यावरच्या जोशांच्या गाण्यापर्यंत सगळ्यांचा समाचार निघाला. नाशिकला व्हिडिओ कॉल लावून मुलीला स्क्रीन दाखवली तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, “बाबा, अजून बोला.”

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. ‘चहा’ हा शब्द मशीनला धड येईना. खरं तर सगळ्यात सोपा तोच असायला हवा होता, कारण काका दिवसातून कितीतरी वेळा चहा मागायचे आणि बाई प्रत्येक वेळी उठून करून आणायच्या. काका घोट घोट घेत तो संपवायचे. रेकॉर्डिंग भरपूर होती, तरी मशीन गोंधळायचं. शेवटी लॅबमध्ये मी ती सगळी रेकॉर्डिंग वेगळी काढली आणि मशीनला एवढंच सांगितलं की अर्थ बाजूला ठेव, सारख्या वाटणाऱ्या आवाजांचे ढीग कर. मशीनने सरळ दोन ढीग केले. त्याच्या मते ते दोन वेगवेगळे शब्द होते. आणि दुसरा ढीग पहिल्याच्या कितीतरी पट मोठा होता.

मी बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, दोन्हीकडे चहाच आहे, ‘अ’ आणि ‘आ’, एवढंच तर उरलंय त्यांच्या बोलण्यात. मी दुसरा ढीग पुन्हा लावला. या वेळी बाईंनी डोळे मिटले. खिडकीबाहेर शिरीषाच्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या. त्यांनी खूण केली, मी परत लावला. मग परत. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला, पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या, जरा घरी चलता का.

कोथरूडला पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती. काका खिडकीशीच होते. मी लॅपटॉप उघडला, माइक लावला. बाई घरात शिरल्या त्या नेहमीसारख्याच. पिशवी ठेवली, कपडे दोरीवरून काढले, काकांच्या पायावरची चादर सारखी केली, त्यांच्या गोळ्या पाहिल्या, आणि वळल्या. त्या वळताच काका बोलले. तोच आवाज, छोटासा, ‘अ’ आणि ‘आ’.

सवयीने बाईंची पावलं स्वयंपाकघराकडे निघाली होती. दारात त्या थांबल्या. त्या आवाजाचा ‘चहा’ हा अर्थ मी मशीनमधून काढून टाकला होता आणि नवा अजून शिकवलेला नव्हता. त्यामुळे स्क्रीन कोरीच होती. अर्थ ओळखायला खोलीत एकट्या बाईच होत्या.

“बस ना,” त्या पुटपुटल्या. “बस ना, म्हणताय का हो?”

काकांनी मान हलवली. हो म्हणून. फारशी नवलाईही नव्हती त्यात. अखेर लाइन लागली एकदाची, असंच काहीसं.

तीन वर्षं हा माणूस बायकोला जरा बस म्हणत होता, ती उठून चहा करून आणत होती, आणि तिने एवढ्या मायेने आणलाय म्हणून तो मुकाट्याने पीत होता.

बाई परत आल्या. स्टूल ओढलं, आणि त्यावर नुसत्या बसल्या. हातात निवडायला भाजी नाही, मांडीवर पुस्तक नाही. काय करावं ते कळेना म्हणून त्यांनी हात एकमेकांत गुंफले, मग सोडवून एक हात काकांच्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. काकांनी आपला बरा हात त्यावर ठेवला. खालच्या रस्त्यावरून एक बस गेली, खिडकीचा पडदा आत येऊन बाहेर गेला. मी उठू की नको या विचारात तसाच बसून राहिलो.

माइक चालू होता. मशीन ऐकत होतं, आणि त्याला लिहायला काहीच मिळत नव्हतं.