बापटकाकांचं इंजिन

बापटकाकांचं एखादं काम पूर्ण झालं, की काका पहिल्यांदा ते मोडतात. परसातला लाकडी जिना त्यांनी स्वतः बांधला, त्यावरून एकदा चढले, एकदा उतरले आणि दुसऱ्या दिवशी करवत घेऊन त्याच जिन्यावर बसले. विचारलं तर म्हणाले, "हे शिकण्यापुरतं झालं रे. आता खरं करू." एका वर्षी गणपतीचं मखर त्यांनी प्रतिष्ठापनेच्या सकाळीच सुटं केलं, कारण एक कमान डोळ्याला तिरकी वाटली. आम्ही अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळींनी त्या वर्षी जेवणाच्या खुर्चीवर बसलेल्या गणपतीची आरती केली.

काका मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनिअर. इथल्याच एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी केली. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात, काका गॅरेजमध्ये गेले. तिथे त्यांचा जुना निळा पिकअप ट्रक होता. दर ऑक्टोबरला काकूंना शेजारी बसवून ते त्यातून सफरचंदांच्या बागेत जायचे आणि मागे पेट्या लादून आणायचे. पुढे महिनाभर आम्हा शेजाऱ्यांना काकूंच्या हातचा सफरचंदाचा मुरांबा मिळायचा.

मग ट्रकचं इंजिन धूर ओकायला लागलं आणि एकदा भर रस्त्यात बसलं ते उठलंच नाही. त्याच सुमारास काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग वार, मग चालू ठेवलेला गॅस. काकांच्या नव्या गाडीत त्या बसेनात. "लोकांच्या गाडीत कसं बसायचं?" म्हणायच्या. ट्रक मात्र त्यांना आपला वाटायचा. गॅरेजच्या दारात उभ्या राहून रोज विचारायच्या, "अहो, बागेत कधी जायचं?" काकांनी ठरवलं, ट्रकला आजच्या काळातलं इंजिन बसवायचं, तेही घरीच, आणि काकूंची ओळख शाबूत आहे तोवर त्यांना बागेत न्यायचं.

कॅलिफोर्नियातला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, जस्ट बाय अ न्यू ट्रक."

"आणि तुझी आई त्यात बसेल?" काकांनी विचारलं.

अपघातात चेपलेल्या कुठल्याशा गाडीतून काढलेलं एक इंजिन आलं. ते साखळीला टांगून काका आठवडेच्या आठवडे त्याच्याभोवती फिरत होते. माप कुठेच जुळेना. "सासर जुन्या वळणाचं आहे, सून शिकलेली," ते मला समजवायचे, "दोघांना वेळ द्यायला हवा." नव्या इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर होता. "तू कॉम्प्युटरवाला ना? बोल त्याच्याशी," असं म्हणून त्यांनी मला पुढे केलं. मी लोकांच्या पगाराचं सॉफ्टवेअर लिहितो, हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी मला टॉर्च धरायचं काम मिळालं आणि तेही मला जमत नाही असं काकांचं मत पडलं. "उजेड कामावर पाड, माझ्या टकलावर नको."

पूजा झाल्याशिवाय वाहनाची किल्ली फिरवायची नाही, हा काकूंचा जुना नेम. तेव्हा दसऱ्याचा मुहूर्त ठरला. गेल्या दसऱ्यापर्यंत इंजिन बसलंही होतं. मी इंडियन स्टोअरमधून झेंडू आणि नारळ घेऊन गेलो. काकू हिरव्या साडीवर जाड कोट चढवून, मांडीवर पर्स घेऊन ट्रकमध्ये बसल्या होत्या. आणि काका बॉनेट उघडून सगळं वायरिंग उपसत होते. वायरी एका ओळीत दिसत नव्हत्या म्हणे.

"काका, राहू द्या ना," मी म्हटलं. "बॉनेट लावल्यावर कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना. हे शिकण्यापुरतं झालं."

काकूंनी खिडकीतून हाक मारली, "अहो, निघायचं ना?"

"पुढच्या आठवड्यात," काका मान वर न करता म्हणाले.

पुढचा आठवडा आला नाही. थंडी पडली, बाग बंद झाली. त्या उत्तराचा मला आजही राग येतो, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटतं. कारण वर्षभरात ट्रक सुधारत गेला आणि काकू विझत गेल्या.

यंदा दसऱ्याला काम खरंच झालं. पान्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. काकूंना आम्ही दोघांनी हात धरून आत बसवलं. काकांनी किल्ली फिरवली. मला वाटलं इंजिन सुरूच झालं नाही. मग पुढे बांधलेली झेंडूची माळ थरथरताना दिसली. इतकं सुरेख काम मी पाहिलेलं नाही. काकांनी मोठ्या आशेनं शेजारी बघितलं.

काकू दाराची कडी चाचपत होत्या.

"छान आहे हो तुमची गाडी," त्या म्हणाल्या, "पण मला उतरू द्या. आमचे हे येतील न्यायला. बागेत जायचंय."

"सुमन, हा आपलाच ट्रक आहे."

"छे हो. आमचा केवढा खडखडतो. कोपऱ्यावर आला की मला स्वयंपाकघरात कळतं, मी चहा टाकते. आज अजून आवाज नाही आला."

काकांनी इंजिन बंद केलं. जुनं इंजिन केव्हाच भंगारात गेलं होतं. मी खिडकीशी उभा होतो. मग परक्या माणसानं चौकशी करावी तसं काकांनी विचारलं, "फार वाट बघायला लावतात का हो ते?"

"माणूस चांगला आहे," काकू म्हणाल्या. "फक्त हातातलं काम संपत नाही त्यांचं. तुम्हाला भेटले तर सांगाल? म्हणावं, मी तयार होऊन बसलेय."

"सांगतो," काका म्हणाले.