माझ्या पोटातली ताईची लेक

ज्या बाईनं मला स्वतःची किडनी दिली, तिच्याशी मी त्याच किडनीबद्दल वर्षभर खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे ताईच्या गमती लिहिताना मन सारखं मागे वळणार नाही. वळेलच म्हणा. एवढं लिहितानाही मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलोय.

हिराताई माझी थोरली बहीण. मुरबाडच्या पुढे, धसईच्या अंगाला तिचं सासर. मी वसंता, शहापूरला एका शाळेत कारकून. माझ्या किडन्या निकामी झाल्या आणि मी डायलिसिससाठी कल्याणच्या खेपा घालू लागलो, तेव्हा ताई एक दिवस एसटीनं आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्याकडं दोन हायत. एक घे." शेजारणीला घमेलं द्यावं, तसं.

मुंबईच्या हॉस्पिटलात समितीपुढे तिची मुलाखत झाली. कॅमेरा लावून विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?" ताई म्हणाली, "माझ्यावर? नवरा जिता व्हता, त्याला पण नाय जमलं ते."

ऑपरेशननंतर ती कमरेला हात धरून, वाकत वाकत माझ्या खाटेपाशी आली. मला वाटलं, विचारील, कसा आहेस रे. तिनं माझ्या पोटाकडे बघितलं. नवी किडनी उजवीकडे खाली बसवतात, हे तिनं नर्सकडून काढून घेतलं होतं. बरोबर तिथंच बघत तिनं विचारलं, "नांदते का नीट?"

त्या दिवसापासून किडनी ही तिची लग्न करून दिलेली लेक झाली. मी झालो व्याहीबुवा आणि माझी बायको मंदा झाली विहीणबाई. मंदानं एकदा हसत विचारलं, "ताई, मग यात जावई कोण?"

"जावई कशाला पायजे?" ताई म्हणाली. "मधी जावई असला म्हंजे नुसती भांडणं."

दर महिन्या-दोन महिन्यांनी ती लेकीला बघायला येई. सरळगावला गाडी बदलायची, किन्हवलीवरून शहापूर. दारात आली की माझ्या उजव्या बाजूलाच बसणार. लग्नात, बारशात, कुठंही मी बसलो की माझ्या उजवीकडची खुर्ची तिची. तिथं दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवायची. "पाहुणं, जरा तिकडं सरका. आमची पोर हाय इथं." पाहुणा खुर्चीखाली बघायचा.

एकदा एसटीत मला मागच्या चाकावरची जागा मिळाली. ताईनं कंडक्टरला हाक मारली. "ओ मास्तर, याला पुढं जागा द्या. इथं धक्के बसतात तिला."

"कोणाला?"

"आमच्यात तिसरं माणूस हाय."

कंडक्टरनं आमच्या दोघांच्या मधे बघितलं, सीटखाली बघितलं. "पाच वर्षांच्या वर असेल तर हाफ तिकीट पडेल हां, आजी."

पहिल्या दिवाळीला तिनं दिवाळसण केला. लेकीला काय द्यायचं, यावर तिनं बराच विचार केला असावा. शेवटी माझ्यासाठी बनियन घेऊन आली. "ती तुझ्या कपड्यात राहते ना, मग तिचा कपडा हाच." मोठा होता. म्हणाली, "असू दे. अंगाला लागला म्हंजे तिला गुदमरल."

बाहेरचं काही खाताना तिनं मला पकडलं की संपलं. शहापूर स्टँडवर मी पाणीपुरीवाल्यासमोर उभा होतो, तर मागून आवाज, "त्या पाण्यात तिला बुडवणार का रे? माझ्याकडं व्हती तवा विहिरीचं पाणी पिऊन वाढली ती!" पाणीपुरीवाल्यानं हातातली पुरी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर सासुरवास केल्यासारखा भाव होता.

तिचं एक वाक्य ठरलेलं. कुणी म्हटलं, अहो ताई, दिलीत ना एकदा, आता कशाला एवढी काळजी, की ती म्हणायची, "दिली म्हंजे टाकली नाय."

आणि मी तिची लेक टाकली.

झालं असं. किडनी दुसऱ्याची असली की शरीर तिला परकी समजून हुसकायला बघतं. म्हणून गोळ्या. जन्मभर, ठरल्या वेळी. त्या गोळ्यांनी माझे हात थरथरायचे. शाळेत दाखल्यावर सही करताना पालक माझ्या हाताकडे बघायचे. एकजण तर शिपायाला हळूच म्हणाला, "साहेब सकाळपासूनच घेतात का?" मला ते फार लागलं. त्यात खर्डीकडच्या एका ओळखीच्या माणसानं झाडपाल्याची पूड आणून दिली. गोळ्या उष्ण पडतात, पूड थंड आहे, म्हणाला. मी शिकलेला माणूस. मी ऐकलं. आधी रात्रीची गोळी सोडली, मग सकाळची. हात थांबले. मी खूश. सह्या मोत्यासारख्या येऊ लागल्या.

काही आठवड्यांनी पाय सुजले, लघवी कमी झाली. मुंबईला नेलं, सुया टोचून किडनीचा तुकडा तपासला, इंजेक्शनं दिली. वाचली. पण डॉक्टर म्हणाले, आता पहिल्यासारखी राहणार नाही, जपाल तेवढी वर्षं चालेल.

ताईचा फोन आला. "मुंबईला कशाला गेलतास?"

"नेहमीची तपासणी."

"नांदते का नीट?"

"सुखात आहे," मी म्हणालो.

वर्षभर हेच. ती माझ्या उजवीकडे येऊन बसायची आणि मला तिथून उठून पळावंसं वाटायचं. मंदा म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

मग त्या हॉस्पिटलनं एक अभ्यास काढला. ज्यांना किडनी किंवा लिव्हर बसवलं, त्यांचं पुढे काय होतं, कोण टिकतं, कोण गोळ्या सोडतं, हे बघायचं होतं. आमच्या बाजूच्या लोकांना मुंबईला जायला नको, म्हणून शहापुरात एका सभागृहात बोलावलं. मी ताईला कळवलं नाही. पण हॉस्पिटलात तिचाही नंबर होता. सकाळीच फोन. "काय व्याहीबुवा, माझ्या लेकीची परीक्षा, आणि मला आवतण परक्याकडनं?"

ती माझ्याआधी हजर होती. शेजारी एक गृहस्थ बसले होते. मुलानं लिव्हर दिलेलं.

"अख्खं दिलं?" ताईनं विचारलं.

"नाही हो, तुकडा. लिव्हर परत वाढतं. त्याचंही वाढलं, माझंही वाढलं."

ताई विचारात पडली. "दिलेलं परत उगवतं? बरं हाय तुमच्यात. आमच्यात नाय तसं."

आमचा नंबर लागला. डॉक्टरीण तरुण होती, प्रश्न वाचून दाखवत होती. "गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा थकवा जाणवला?"

"भाताची लावणी धरून का सोडून?" ताई म्हणाली.

"नाही, हे त्यांना विचारतेय."

"त्याला काय कलतं? मला विचार."

डॉक्टरीण हसली आणि माझ्याकडे वळली. "गोळ्या कधी चुकल्या का?"

"कदी नाय!" ताई जवळजवळ उभी राहिली. "हा शाळेचं चुकवील, घरचं चुकवील. पण माझी पोर त्याच्या घरात हाय. गोळी नाय चुकणार. लिही तू."

डॉक्टरीण लिहायला लागली. मला बसवेना. उठलो, पुन्हा बसलो. तिला हे आधीच ठाऊक असणार, तिच्याच हॉस्पिटलात मी पडलो होतो. ती मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मीच म्हणालो, "चुकल्या. मी बंद केल्या होत्या. मागच्या वर्षी. किडनी थोडक्यात वाचली."

ताई खुर्चीत मागे टेकली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरिणीनं विषय बदलावा म्हणून असेल, ताईचा दंड घेतला, प्रेशर बघितलं. पुन्हा बघितलं. "आजी, प्रेशर वाढलंय. तुमची शेवटची तपासणी कधी झाली?"

"माझी? माझी कशाला? मी देणारी."

"देणाऱ्यालाही वर्षातून एकदा तपासावं लागतं. एकाच किडनीवर आहात ना? ऑपरेशनच्या वेळी घरच्यांना सांगितलं होतं."

घरच्यांना म्हणजे मला. सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि विसरलो होतो.

स्टँडवर ताई बाकावर बसली. या खेपेस माझ्या डाव्या बाजूला. मग म्हणाली, "हाय ना पण?"

"आहे. थोडी दमलीय."

"मग सांगायचं नाय का रे? मी काय तुला मारलं असतं? आले असते, बसले असते तिच्याजवळ."

मुरबाडची गाडी अजून लागली नव्हती. ती समोर बघत बोलत राहिली, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"मला दिली त्या साली ताप भरला व्हता. सासू बोलली, कामाला नको म्हणून सोंग करते. मी आपली वाटेकडं बघायची. वाटायचं, बाबा येल. मग वाटायचं, बाबाला शेत हाय, वसंता मोठा झाला म्हंजे वसंता येल. तुला काय, शाळा, मग नोकरी. नाय जमलं. जाऊ दे." तिनं पिशवीचा बंद हाताला गुंडाळला. "पण ऑपरेशनच्या टायमाला मी ठरवलं. हिला असं व्हऊ द्यायचं नाय. हिची इचारपूस मी करणार."

गाडी आली. ती चढली. खिडकीतून नेहमी ओरडायची, "सांभाल रे तिला!" आज ओरडली नाही.

मी ताईच्या घरी एकूण किती वेळा गेलो, हे त्या दिवसांत मी सारखं आठवत राहिलो. तिचं लग्न, मुलाचं बारसं, नवऱ्याचं दहावं. प्रत्येक वेळी कसलं तरी कारण होतं. नुसतं तिला बघायला एकदाही नाही. आता तिचा मुलगा भिवंडीला गोदामात असतो, सणाला येतो. घरात ती एकटी. मला शाळेत बसवेना, घरी बसवेना. पुढच्या रविवारी मी गोळी घेतली, उद्यापर्यंतच्या खिशात ठेवल्या आणि किन्हवलीची गाडी पकडली.

ताई अंगणात उडीद पाखडत होती. मला बघून सूप तसंच धरून उभी राहिली. "काय झालं? मंदा बरी हाय ना?"

"सगळे बरे आहेत."

"मग तिला एवढ्या धक्क्यातनं कशाला आणलीस?" तिची नजर माझ्या पोटावर.

"तिच्यासाठी नाही आलो. तुला बघायला आलो. उद्या तुला प्रेशर दाखवायला घेऊन जाणारेय."

ती सूप खाली ठेवून आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि मी घोट घेतल्यावर सवयीनं म्हणाली, "आणखी पी, तिला पाणी लागतं." मग माझ्या उजव्या बाजूला ओटीवर टेकली.

"ताई," मी विचारलं, "तू नांदलीस का गं नीट?"

तिनं पदराला लागलेलं फोलपट झटकलं. पुन्हा झटकलं.

"गोळ्यांचं माझं चुकलंच," मी म्हणालो. "पण त्याच्या आधीचं जास्त चुकलं. तुला दिली आणि मागं वळून बघितलं नाही. मी मोठा झालो, तरी आलो नाही. मला माफ कर, ताई."