आठाचा होल्डर

सिंगापूरहून नामाचं पत्र आलं तेव्हा हिरामण रोकडे जेवत होता, आणि त्या पत्राचं उत्तर त्यानं उष्ट्या हातानंच ठरवून टाकलं. (हात धुऊन, सुपारी चघळत ठरवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं त्याची बायको सुंदरा म्हणते. ती बरंच काही म्हणते, आणि दुःखाची गोष्ट अशी की ते बहुधा खरं निघतं.)

हिरामणचा कर्जतला ‘मैत्री फोटो स्टुडिओ’ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं आणि चार बाय पाच इंचाची फिल्म घेणारा एक मोठा लाकडी कॅमेरा. कॅमेरा तिवईवर उभा. पुढं भिंग, मधे चामड्याचा भाता, मागं दुधी काच. डोक्यावर काळं फडकं घेऊन त्या काचेत बघायचं. समोरचा माणूस खाली डोकं वर पाय असा दिसतो, शिवाय त्याचं डावं ते उजवं होतं. माणूस नीट जमला की काचेपुढं फिल्मचा होल्डर सरकवायचा आणि फोटो घ्यायचा. वीस वर्षं हिरामणनं अर्धा तालुका असा उलटा करून बघितला होता.

नामा हा सुंदराचा धाकटा भाऊ. मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. दोन वर्षांपूर्वी लोधिवलीला त्याचा बाप वारला, तेव्हा नामा आफ्रिकेच्या आसपास कुठं तरी समुद्रात होता. तार त्याला बाविसाव्या दिवशी मिळाली. घरी आल्यावर त्यानं आधी बापाचा फोटो मागितला, आणि फोटो कुणाकडंच नव्हता. जावई फोटोग्राफर असूनही फोटो नव्हता. लोधिवलीत हे कुणी बोलून दाखवलं नाही, म्हणून हिरामणला ते जास्तच लागलं होतं.

सासूचा, म्हणजे विठाबाईचाही फोटो नव्हता. कुठल्याही कार्यात फोटोच्या वेळी ती चुलीपाशी असायची. एकदाच हिरामणनं तिला खुर्चीवर बसवली, तर ऐन वेळी ती कोंबडीला हाकायला वळली आणि फोटोत तिला दोन नाकं आली.

नामानं लिहिलं होतं: ‘दाजी, सप्रेम जय भीम. बोट मुंबई बंदरात चार दिवस थांबणार. या खेपेला आईचा फोटो घेऊनच परत जाणार. छापून पाठवतो म्हणू नका. इथं झटपट फिल्म मिळते, काढला की मिनिटात फोटो हातात. तुमच्या कॅमेऱ्याला बसणारे होल्डर दोन तऱ्हेचे आहेत. एकात एकेक पाकीट घालायचं, फोटो पुरा चार बाय पाच. दुसऱ्यात आठाचा गठ्ठा एकदम बसतो, पण फोटो जरा लहान येतो. कुठला आणू?’

“आठाचा,” हिरामण म्हणाला.

“मला इचाराल तर एकाचा बरा,” भाकरी थापता थापता सुंदरा म्हणाली.

“अगं, एकाएकाचं पाकीट घालत कोण बसणार? आठ म्हंजे आठ.”

“तुमच्या हातून एक बिघडला तर एकच बिघडंल. आठाचा घ्याल तर आठ बिघडतील.”

“माझ्या हातून बिघडतीलच कशाला?”

यावर सुंदरानं भाकरी उलटली. मग म्हणाली, “आन् ते लहान येतो म्हंतोय ते काय?”

“लहान म्हंजे लहान. पासपोर्टचा फोटो लहान असतो म्हणून काय त्यात माणसाला कान नसतात? सगळं येतं, फक्त बारीक येतं.”

“लहान पातेल्यात भात तेवढाच मावतो व्हय?”

हिरामण हसला. धंद्याची गोष्ट स्वयंपाकघरात नेली की अशीच होते, असं त्याला वाटलं, आणि त्यानं उलट टपाली ‘आठाचा’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

नामा होल्डर घेऊन आला. पत्र्याच्या चपट्या डब्यासारखा काळा होल्डर, आणि सोबत आठ फोटोंचा एकच गठ्ठा. हिरामणनं स्टुडिओत लगेच चाचणी घेतली. नामाला तळ्यासमोर बसवून फोटो घेतला, होल्डरातून बाहेर आलेली कागदी पट्टी एका दमात सरळ ओढली, घड्याळ लावून मिनिट मोजलं, वरचा कागद सोलला. आत नामा. ओला, चकचकीत, आणि दोन्ही कानांसकट. हिरामणनं सुंदराकडं असं काही बघितलं की ती आत निघून गेली.

लोधिवलीला निघताना तिनं विचारलं, “रोजचे होल्डर घेऊ का पिशवीत? असू द्यावेत म्हंते.”

“कशाला ओझं?” हिरामण म्हणाला.

चौथ्या, शेवटच्या दिवशी सकाळी तिघं एस्टीनं चौकला उतरून लोधिवलीला पोचली. नामाला तीनच्या गाडीनं मुंबई गाठायची होती. विठाबाईनं सगळ्यांना पाणी दिलं आणि त्या काळ्या डब्याकडं बघून विचारलं, “ह्ये काय रं?”

“होल्डर हाय, आई. शिंगापूरचा.”

“घरात दोन दिवे हायत. दोन्हीला होल्डर हाय. तिसरा कशाला आणलास येवढ्या लांबून?”

तिला समजवायला वेळ नव्हता. हिरामणनं अंगणात तिवई रोवली. नामाला आईबरोबर सगळं घरच हवं होतं, म्हणून चुलते बुधाजी, चुलती चंद्राबाई, त्यांच्या दोन सुना आणि पोरं अशी विठाबाई धरून अकरा माणसं ओळीत उभी राहिली. विठाबाईला मधे बसवायला गेले तर ती म्हणाली, “मला कडेला ऱ्हाऊ दे. चुलीवर कालवण हाय.” ती एका टोकाला उभी राहिली. बुधाजी दुसऱ्या टोकाला, कारण त्याच्या मते कर्त्या माणसानं टोकाला राहून सगळ्यांना आवरायचं असतं.

काचेत अकराच्या अकरा माणसं उलटी लटकलेली नीट दिसत होती. हिरामणनं होल्डर सरकवला, फोटो घेतला, पट्टी ओढली. नामानं मिनिट मोजलं. कागद सोलला.

फोटोत नऊ माणसं होती. एका टोकाला बुधाजीचा कान होता. दुसऱ्या टोकाला एक कोपर, त्यावर पदराचा काठ.

“ह्यो माझा कोपर,” विठाबाई कौतुकानं म्हणाली. “हितं भाजल्याचा डाग हाय बगा.”

“कॅमेरा जरा सरकला असणार,” हिरामण म्हणाला, आणि त्यानं तिवई विठाबाईच्या बाजूला वळवली. म्हणजे त्याला तसं वाटलं. एरवी हा उलटा हिशेब त्याचे हात आपोआप करायचे. पण सासरची अकरा माणसं बघत असली की हातही विचार करायला लागतात. दुसऱ्या फोटोत बुधाजी पुरता आला, त्याच्या शेजारचा गोठ्याचा दरवाजाही आला, आणि विठाबाईचा कोपरसुद्धा गेला.

तिसऱ्या वेळी त्यानं कॅमेरा बरोबर वळवला. काचेत विठाबाई चक्क मधल्या बाजूला दिसली. तो फडक्याबाहेर येऊन होल्डर सरकवेपर्यंत कालवण करपल्याचा वास आला. फोटोत चंद्राबाईच्या शेजारी एक रिकामी जागा आली, आणि सगळ्यांचे डोळे घराकडं वळलेले.

“दाजी, मागं या जरा, म्हंजे सगळी मावतील,” नामा म्हणाला. त्यानं हे चौथ्यांदा हळू आवाजात सांगितलं होतं, पण मेव्हण्याकडून शिकायची हिरामणला सवय नव्हती. आता मात्र तो तिवई उचलून मागं आला. अंगण तिकडं उतरतं होतं. कॅमेरा कलला, तो सरळ करायला म्हणून हिरामणनं त्याचं तोंड वर उचलायचं ते खाली केलं. चौथ्या फोटोत बावीस पाय आले. डोकं एकाचंही नाही. बुधाजीनं मात्र फोटो हातात घेऊन कुणाचा पाय कुठला ते सगळ्यांना ओळखून दाखवलं, आणि त्यात त्याचा चांगला वेळ गेला.

“किती राहिले?” नामानं विचारलं.

“तीन. एक स्टुडिओत तुझ्यावर गेला.”

“दोन वाजलेत.”

हिरामणचा सदरा पाठीला चिकटला होता. पाचव्या फोटोला त्यानं पट्टी घाईनं, तिरकी ओढली. ती अर्ध्यात अडकली. जोर लावला तर पट्टी फाटून हातात आली. मग त्यानं चिमट्यानं आतलं ओढलं, तर पाचवा आणि सहावा दोन्ही एकमेकांना चिकटून बाहेर आले, आणि मधलं चिकट रसायन त्याच्या सदऱ्यावर उडालं. दोन्ही फोटो काळे होते.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोरं पेंगायला लागली होती. नामा ओट्यावर जाऊन बसला आणि पिशवीचे बंद बांधायला लागला. ते आधीच बांधलेले होते.

“ऱ्हाऊ दे, दाजी,” तो म्हणाला. “पुढच्या खेपेला काढू.”

“पुढची खेप कधी?” विठाबाईनं विचारलं.

“दीड वर्षानं.”

हिरामणला तिवईपाशी उभं राहवेना आणि तिथून हलवेना.

एवढा वेळ सुंदरा चौथा फोटो हातात घेऊन कॅमेऱ्यामागं उभी होती. तिनं तो पायांचा फोटो दुधी काचेवर ठेवला. काच उरली. एका अंगाला बोटभर, दुसऱ्या अंगाला त्याहून जास्त.

“आवो,” ती हळूच म्हणाली, “हिकडं या.”

हिरामणनं बघितलं आणि त्याला सगळं एकदम उमगलं. काच मोठी होती, फिल्म लहान होती. काचेत अकरा माणसं मावत होती, पण कडेची माणसं ज्या जागेवर पडत होती तिथं फिल्मच नव्हती. स्टुडिओत नामा मधोमध बसला होता, म्हणून कान वाचले होते. आता सुंदरा पातेल्याचं काढणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पण तिनं पातेल्याचं काढलं नाही.

“एक हाय ना अजून? मग आईचा एकटीचा काढा. मधोमध.”

“एकटीचा नगं,” विठाबाई म्हणाली. “एकटीचा फोटो माणूस गेल्यावर भितीला लावत्यात.”

“बाबांचा तेवढाही नाय, आई,” नामा ओट्यावरून म्हणाला.

विठाबाईनं हात पदराला पुसले, आत जाऊन कालवण खाली उतरवलं, आणि अंगणात खुर्चीवर येऊन बसली.

हिरामण फडक्याखाली गेला. काचेच्या मधोमध उलटी विठाबाई होती. भिंग पुढं-मागं करताना तिच्या कपाळावरच्या रेषा एकेक स्पष्ट होत गेल्या, आणि त्याला वाटलं, वीस वर्षांत हिला आपण कधी नीट बघितलंच नव्हतं. तो बाहेर आला. होल्डरात आता सातवा, शेवटचा फोटो होता. त्यानं पट्टीकडं हात नेला आणि मघाची फाटलेली पट्टी आठवून परत मागं घेतला.

“तुमी भिंगाचं बगा. पट्टी मी ओढते,” सुंदरा म्हणाली.

“सरळ ओढ. एका दमात.”

“विहिरीचा दोर रोज ओढते मी.”

“हल्ली कोंबड्या किती हायत गं आई?” नामानं मधेच विचारलं. विठाबाईनं त्याच्याकडं बघून ओठ उघडले आणि त्याच क्षणी हिरामणनं फोटो घेतला. सुंदरानं पट्टी ओढली. सरळ, न थांबता. नामानं मिनिट मोजलं, या वेळी तोंडानं, मोठ्यानं, आणि साठ झाल्यावरही आणखी पाच मोजले.

कागद सोलला. विठाबाई पुरी होती. दोन्ही कोपर, एकच नाक, भाजल्याचा डाग, आणि ओठांवर नामाला द्यायचं राहिलेलं उत्तर.

तिनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “ही तर माझी आय हाय,” ती म्हणाली, आणि बराच वेळ बघत बसली. नामानं तो तिच्या हातून काढून घेतला तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. वहीत घालून, वही सदऱ्याच्या आत घालून तो रस्त्याकडं पळाला.

महिन्यानं नामाचं पत्र आलं. फोटो झोपायच्या फळीवर लावलाय आणि बोटीवरचे सगळे बघून जातात, असं त्यात होतं. हिरामणला हे पत्र सासूला स्वतः वाचून दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर सासूच्या तोंडून चार शब्द ऐकायचे होते. पुढच्या रविवारी तो एकटाच लोधिवलीला गेला.

दार उघडं होतं. आत पोशीर गावची एक पाहुणी बसली होती. विठाबाईनं ओट्याच्या आतल्या भिंतीवर ते चार वाया गेलेले फोटो खळीनं ओळीत चिकटवले होते, आणि ती पाहुणीला एकेक समजावून देत होती. हा माझा कोपर. हा गोठ्याचा दरवाजा. हितं मी आत गेले व्हते. आणि हे सगळ्यांचे पाय.

हिरामण उंबऱ्याबाहेरच थांबला.

“कुणी काढले गं हे?” पाहुणीनं विचारलं.

“जावयानं,” विठाबाई अभिमानानं म्हणाली. “समदे त्यानंच काढले.”

“आन् नामानं नेला तो?”

“तो चांगला आला. तो माझ्या सुंदरानं काढला.”

“मंग जावई कुठं व्हता?”

“व्हता की तिथंच,” विठाबाई म्हणाली. “सकाळधरनं फडक्याखाली डोकं घालून. आमी कुणी काय म्हनून इचारलं नाय. माणूस लाजाळू हाय.”