चार आकडे आणि गोजराबाई

"अगं, मी बँकांची ऑनलाइन कुलुपं बनवतो! हा तर नुसता गाडीचा रेडिओ!"

उपेंद्र निमकर हे म्हणाला तेव्हा तो बंगळूरच्या जयनगरातल्या आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, नव्या बॅटरीवर प्रेमानं हात फिरवत उभा होता. नवी फक्त बॅटरीच. गाडी सेकंडहँड होती आणि तिच्या मालकीला अजून महिनाही झाला नव्हता. जुनी बॅटरी शनिवारी मान टाकून पडली. मेकॅनिकला बोलावणं हा उपेंद्रला स्वतःच्या डिग्रीचा अपमान वाटला, म्हणून त्यानं स्वतः दुकानातून बॅटरी आणली, स्वतः पाना फिरवला आणि पहिल्याच किल्लीला गाडी सुरू केली. इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं.

मग रेडिओच्या छोट्या पडद्यावर शब्द उमटला, 'कोड'.

"म्हणजे काय?" त्याच्या बायकोनं, कस्तुरीनं विचारलं.

"चोरीला आळा! वीज तुटली की रेडिओ स्वतःला कुलूप लावून घेतो. चार आकडे दिले की उघडतो. चोरानं पळवला तरी त्याला उपयोग नाही."

"आणि आपल्याला?"

"आपण काय चोर आहोत?"

कस्तुरीचं तोंडच बरंच काही बोलून गेलं. गाडी घेताना तिनं रंग बघितला नव्हता, मॉडेल विचारलं नव्हतं. तिची अट एकच होती, रेडिओ चालू हवा. तिची नोकरी यशवंतपूरला, बिस्किटांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पुण्याहून आल्यापासून तिनं निश्चय केला होता, ट्रॅफिकमध्ये रडायचं नाही, कन्नड शिकायचं. रोज जाता-येता एफेमवाल्या पोरांची बडबड ऐकून ती त्यांच्यामागून मोठ्यानं बोलायची. शेजारच्या रिक्षावाल्यांना वाटायचं, बाई फोनवर भांडतेय. मोबाईलवर ऐक म्हटलं तर तो नकाशा दाखवण्यातच दमलेला असायचा. थोडक्यात, रेडिओ बंद तर कस्तुरीची शाळा बंद.

"दोन मिनिटं दे," उपेंद्र म्हणाला. "माणसं फार कल्पनाशून्य असतात."

त्यानं चार शून्यं दाबली. मग एक-दोन-तीन-चार. मग गाडीचं साल. प्रत्येक वेळी रेडिओनं घशात माशी अडकल्यासारखा आवाज काढला. तिसऱ्या वेळी पडद्यावरचा शब्द बदलला, 'थांबा'.

"बघ, संवाद सुरू झाला!" उपेंद्र म्हणाला.

इंटरनेटवर कुणा महात्म्यानं लिहिलं होतं, रेडिओ चालूच ठेवून तासभर थांबा, मग एक शेवटची संधी मिळेल. तीही चुकली तर रेडिओ कायमचा गप्प. दुसऱ्या महात्म्याचं म्हणणं, रेडिओ बाहेर ओढा, पाठीवर नंबर असतो, त्यावरून कंपनी कोड सांगते. ओढायला दोन बारीक हूक लागतात, ते कडेच्या भोकांत घालायचे.

"तुझ्या क्रोशाच्या सुया आण!"

"माझ्या सुया? अजिबात नाही!"

आणल्या. सुया झकास आत गेल्या. बाहेर मात्र येईनात. उपेंद्रनं ओढल्या, पिळल्या, त्यांना विनवण्या केल्या, एकदा तर डॅशबोर्डला पाय लावून जोर मारला. रेडिओ जागचा हलला नाही. कानात दोन मोठ्या कुड्या घालून फोटोला बसलेल्या कारभारणीसारखा तो उपेंद्रकडे बघत राहिला.

"आता?" कस्तुरीनं विचारलं.

"आता मूळ मालकाला फोन! हीच तर खरी शास्त्रीय पद्धत."

"मग ती आधी का नाही केलीस?"

उपेंद्रनं पाना खिशात घातला. मग यशोवर्धनला फोन लावला. गाडी त्याच्या काकूंची, व्यवहार सगळा त्यानं केलेला. तो विमानतळावर होता. "कोड काकूंनाच माहीत, अहो. गोजराबाई नाव त्यांचं, चामराजपेटला राहतात. पत्ता आणि नंबर पाठवतो," म्हणाला आणि विमानात चढला.

उपेंद्रनं घसा साफ केला, आवाजात मध घातला आणि फोन लावला.

"नमस्कार आजी! मला तुमच्याकडून फक्त चार आकडी कोड हवा होता."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "कुठल्या बँकेतनं बोलतोस रे?"

"बँक नाही आजी, तुमच्या गाडीचा..."

"परवा एक लाइट बिलाचा म्हणून आला होता, आज तू गाडीचा! चार आकडे सांगायला मी काय येडी आहे काय? मंडळात एक शाणा पोरगा येऊन भाषण देऊन गेलाय आमाला. कोड कुणी मागितला की समजायचं, चोर!"

उपेंद्रच्या छातीत अभिमान आणि भीती एकदमच दाटून आली. मागच्या महिन्यात मराठी मंडळात ज्येष्ठ नागरिकांसाठी ऑनलाइन फसवणुकीवर त्याचंच भाषण झालं होतं. टाळ्या पडल्या होत्या, शाल मिळाली होती.

"आजी! तो शाणा पोरगा मीच!"

"बघ! त्यानं हेपण सांगितलं होतं. चोर म्हणेल, मीच तो! ठेव फोन, नाहीतर पोलिसाला देते!"

फोन बंद. कस्तुरी गाडीच्या दाराला धरून हसत खाली बसली.

"हसतेस काय? भाषण किती प्रभावी झालं बघ!" उपेंद्र म्हणाला. "चल, बस गाडीत. समोरासमोर भेटलं की दोन मिनिटांचं काम आहे."

चामराजपेटच्या त्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा उपेंद्रला वाटलं, आपलं स्वागतच होतंय. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. फुलं ओवणारीनं फुलं खाली ठेवली. पिठाच्या गिरणीतून भुवयांपर्यंत पांढरा झालेला एक धिप्पाड माणूस बाहेर आला आणि सरळ गाडीला आडवा झाला. हे खंडोजी अण्णा. गल्लीत कुणाच्या घरी दूध नासलं तरी आधी यांना कळवावं लागे.

"ही गोजराक्कांची गाडी," अण्णा खिडकीत वाकून म्हणाले. "तुमी कोण?"

"मी हिचा मालक," उपेंद्र ऐटीत म्हणाला.

याहून वाईट उत्तर त्याला शोधूनही सापडलं नसतं.

"मालक? अक्का रोज सांगतात, गाडी सर्व्हिसिंगला गेलीय, येईल आठवड्यात! आणि तुमी मालक?" अण्णांचा पिठाळ हात आत आला आणि किल्ली घेऊन बाहेर गेला. मग त्यांची नजर रेडिओकडे गेली. त्यात खुपसलेल्या दोन सुया बघून त्यांचा चेहरा पिठातूनही लाल दिसायला लागला. "अय्यो! रेडिओ उपटायलाय की हा! या रे सगळे!"

सगळे आलेलेच होते. "पोलिसाला फोन करा" असं कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि दोन प्रकारच्या मराठीत एकदम ऐकू आलं. उपेंद्र गाडीचे कागद शोधू लागला. ते घरी होते. ऑफिसचं ओळखपत्र शोधू लागला. तेही घरी होतं. खिशात निघाला तो फक्त पाना! सोमवारी ऑफिसात काय सांगायचं? सुरक्षा विभागाचा प्रमुख वाहनचोरीच्या संशयावरून चौकीत! त्यानं पाना घाईनं परत खिशात कोंबला.

"कस्तुरी, तू बोल! तुला कन्नड येतं!"

कस्तुरी खाली उतरली. शेपन्नास डोळे तिच्यावर खिळले. शिकलेलं सगळं कन्नड डोक्यातून भुर्रकन उडालं आणि जे जिभेवर पक्कं बसलं होतं तेवढंच, म्हणजे चौकातल्या तुफान गर्दीची बातमी, एफेमवरच्या पोराच्या उत्साहात, बाहेर पडलं:

"नमस्कारा बेंगळूरु! सिल्क बोर्ड हत्तिरा तुंबा ट्रॅफिक!"

आधी फुलंवाली फिसकन हसली, तिच्यामागून आख्खी गल्ली. पण अण्णांनी किल्ली काही सोडली नाही. ते तिथूनच माडीकडे बघून गरजले, "अक्का! वोऽ अक्का! तुमची गाडी धरली बघा!"

माडीवरचं दार उघडलं. काठापदराचं पातळ, पांढराशुभ्र अंबाडा, नाकात चमकी, अशा गोजराबाई कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं. एखादं सासरी गेलेलं लेकरू न कळवता दारात उभं राहावं तसं पाहिलं. मग उपेंद्रकडे. त्यांनी त्याला ओळखलं, अगदी नक्की ओळखलं, मंडळातल्या भाषणाचं तोंड होतं ते.

उपेंद्रनं तोंड उघडलं, "आजी, सांगा ना यांना, मी गाडी विक..."

त्याच्या पायावर कस्तुरीची टाच जोरात पडली. तिनं म्हातारीचे डोळे बघितले होते. त्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. गाडी गोजराबाईंच्या नवऱ्याची. तो गेल्यावर दाराशी नुसती उभी राहून धूळ खात होती, तेव्हा पुतण्याच्या आग्रहानं विकली. पण 'विकली' हा शब्द गल्लीपुढं उच्चारणं त्यांच्यानं झालं नव्हतं, म्हणून रोज सर्व्हिसिंग.

"अण्णा," गोजराबाई शांतपणे म्हणाल्या, "किल्ली द्या त्याला. माझा मेकॅनिक आहे तो."

बँकांची कुलुपं बनवणारा उपेंद्र एका वाक्यात मेकॅनिक झाला.

"हो!" कस्तुरी ठसक्यात म्हणाली. "फार चांगले मेकॅनिक आहेत! फक्त रेडिओचा कोड विचारायला आलो होतो, अक्का."

"मेकॅनिक काय? मग मालक कशाला म्हणाला?" अण्णांचा संशय अजून फिटला नव्हता.

गल्ली उपेंद्रच्या तोंडाकडे बघत होती. गोजराबाईही बघत होत्या, हातात पदराचं टोक घट्ट धरून. उपेंद्रनं त्या हाताकडे पाहिलं, खिशातला पाना बाहेर काढला आणि म्हणाला, "गाडी हातात असेपर्यंत मी मालकच समजतो, अण्णा. त्याशिवाय काम नीट होत नाही!"

"सरी, सरी!" अण्णा खूश झाले आणि किल्ली परत आली. "असा माणूस हवा!"

गोजराबाई पुढच्या सीटवर बसल्या, अशा सवयीनं की सीटनंच त्यांना ओळखलं असेल. तासभर उलटून गेला होता आणि पडद्यावर आता पुन्हा 'कोड' आलं होतं. उपेंद्र वाकून कुजबुजला, "आजी, शेवटची संधी आहे. सांगा आकडे, मी दाबतो."

"सांगायचं नाही म्हणून तूच सांगितलंस की."

"पण मला सांगितलं तर..."

"कुणालाच नाही म्हणालास. तिकडं बघ."

"चष्मा तरी घाला!"

"बोटास्नी चष्मा लागत नाही. आमच्या यजमानांना आकडे कधी लक्षात राहिले नाहीत. बॅटरी गेली की मीच दाबायची."

त्यांनी पदर उचलून रेडिओवर धरला, एटीएमवर हात धरतात तसा. पदराआड बटणं वाजली. टिक. टिक. थोडं थांबून टिक. उपेंद्रनं डोळे मिटले. कस्तुरीनं त्याचा दंड धरला. ओट्यावरच्या बायकासुद्धा, काय चाललंय ते न कळताच, माना उंचावून उभ्या होत्या.

टिक.

खरखर झाली आणि गाडीतून व्हायोलिन वाजलं! कुठलंसं जुनं कन्नड गाणं, धीम्या चालीचं. गोजराबाईंनी पदर खाली सोडला. मान सीटला टेकवली आणि गाणं संपेपर्यंत समोरच्या काचेतून गल्लीकडे बघत राहिल्या, गाडी चालत असल्यासारख्या. उपेंद्र बाहेर उभा होता. पाना त्यानं हळूच खिशात सरकवला.

गाणं संपलं तसं त्या उतरल्या. "पुन्हा बॅटरी गेली तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर पुन्हा ये. हिला घेऊन ये. हिचं कन्नड मी स्वल्प सुधारते. ट्रॅफिक सोडून माणसं दुसरं काही बोलतात, ते पण कळायला पाहिजे तिला."

कस्तुरीनं त्यांच्या पाया पडता पडता उत्तरही कन्नडमध्येच द्यायचा प्रयत्न केला. त्यात सोन्याच्या दुकानाची जाहिरात होती म्हणे, पण भावना पोचल्या.

उपेंद्र रुबाबात गाडीत बसला. किल्ली फिरवणार तोच खिडकीवर टकटक झाली. खंडोजी अण्णा! हातात भला मोठा मिक्सर, मागे पितळी टेबलफॅन घेतलेली फुलंवाली, आणि तिच्यामागे इस्त्री, टेपरेकॉर्डर, शिलाई मशीनचा पाय घेऊन निम्मी गल्ली.

"हे पण स्वल्प बघा की, मेकॅनिक," अण्णा म्हणाले. "घाई नाय. पुढच्या रविवारी आणा."

माडीवरून गोजराबाई बघत होत्या. आता नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मागची सीट भरली, डिकी भरली. शिलाई मशीनचा पाय कस्तुरीच्या मांडीवर आला. जयनगरपर्यंत रेडिओ जोरात वाजत होता आणि ती त्यावर मान डोलवत होती. पुढच्या रविवारी उपेंद्रनं सगळ्या वस्तू परत केल्या, एकूण एक ठणठणीत! अण्णांनी मिक्सर फिरवून बघितला आणि त्याच्या पाठीवर पिठाचा पंजा उमटवला.

"कठीण केस होती," उपेंद्र पाना पुसत म्हणाला.

कस्तुरीनं रेडिओचा आवाज वाढवला. आठवडाभर रोज ऑफिस बुडवून त्यानं ती एकेक वस्तू कुठकुठल्या दुकानांत दुरुस्तीला टाकली, हे तिला ठाऊक होतं. पण असल्या गोष्टी कुणालाच सांगायच्या नसतात.