व्हर्नाची गाठ आणि सतरा भांडी

छातीत गाठ लागतेय हे व्हर्नाने तीन दिवस कुणालाच, नवऱ्याला ऑर्विललाही, सांगितलं नाही. आई याच दुखण्याने गेलेली, त्यामुळे भीतीने तिची झोप उडाली होती. चौथ्या दिवशी तिने नणंदेला, मार्लिसला सांगितलं. एकटीने दवाखान्यात जायचा धीर होईना. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात मार्लिसला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणंच होतं.

"तोंड शिवून ठेव हं," व्हर्ना म्हणाली.

"मी कशाला बोलतेय?"

दवाखान्यात छातीचा मॅमोग्राम काढणारी बाई पडद्याकडे बघून थबकली. "काखेशी पांढरे ठिपके दिसतायत. डिओडरंट लावलंय का? त्याचेही असेच ठिपके उमटतात."

"लावणार नाही तर काय! परक्या बाईसमोर हात वर करायचे होते!"

"लावू नका म्हणून पत्रात ठळक लिहिलं होतं, बाई."

काख पुसून दुसऱ्यांदा फोटो आणि मग सोनोग्राफी करायचं ठरलं. तिकडे जाताना व्हर्ना मार्लिसला घाईघाईत एवढंच म्हणाली, "ठिपके दिसले. पुन्हा बघतायत."

मार्लिसने लगेच चर्चच्या प्रार्थना मंडळाला फोन लावला.

आत डॉक्टरीणबाई हसल्या. "साधी पाण्याची गाठ आहे. काही करायला नको." व्हर्ना तिथेच ढसाढसा रडली.

घरी येऊन बघते तर ओसरीवर सतरा हॉटडिश, आजाऱ्याच्या घरी शेजारणी पोचवतात तसली भट्टीत भाजलेली जेवणं! कुणाच्या बटाट्याच्या, कुणाच्या शेवयांच्या; भांडं परत मिळावं म्हणून प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. त्यातलं एक तर मार्लिसनेच सकाळी निघताना गुपचूप ठेवलेलं.

"मी नाव नव्हतं घेतलं," मार्लिस पुटपुटली. "ऑर्विलची बायको एवढंच म्हणाले."

"आता सगळ्यांना काय सांगू?"

"निदान रविवारपर्यंत तरी आजारी राहा गं! माझं नाक कापलं जाईल."

व्हर्नाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझा मॅमोग्राम कधी झालाय?"

"मला कुठे वेळ..."

"सहा वर्षं झाली ना?"

रविवारी चर्चमध्ये व्हर्ना उभी राहिली. "मी ठणठणीत आहे. भांडी धुऊन ठेवलीयत. मॅमोग्रामची तारीख घ्या, चिठ्ठी दाखवा आणि आपापलं भांडं घेऊन जा."

महिन्याभरात सोळा भांडी गेली. मार्लिसचं निळ्या झाकणाचं, तिच्या आईचं भांडं तेवढं फळीवर राहिलं.

एका सकाळी मार्लिस दारात आली. तिने चिठ्ठी पुढे केली.

"साडेदहाची वेळ दिलीय. तू बाहेर बसशील ना?"

"बसते की," व्हर्नाने तिचा हात धरला. "फोन तेवढा घरी ठेवून येते."