सोमवारचं मौन आणि आमच्या संघाची पॉइंट गार्ड

मी कुणाला कधी टाकून बोलत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझा आवाज अजून शेजारच्या घरात गेलेला नाही. आख्ख्या दहिवलीत कुणालाही विचारा!

त्यातून सोमवारचं माझं मौन. सकाळची अंघोळ झाली की बारा वाजता नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. लिहायचंही नाही, ती देवाची कागदोपत्री फसवणूक झाली. खुणा तेवढ्या चालतात. आणि माझ्या खुणा इतक्या स्वच्छ की माणसं बोलतात तरी कशाला, असं मला त्या सोमवारपर्यंत वाटायचं.

आमच्या गावात मुलींचा बास्केटबॉल संघ आहे. चिटणीस आमचे हे, अध्यक्ष मी. निवड अर्थातच गुणांवर झाली! सगळे चेंडू आमच्या माजघरात राहतात आणि बैठकीचे पोहे मी करते.

यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी बाहेरची एक मुलगी घ्यायची मुभा होती. आम्हाला हवी होती पॉइंट गार्ड. पॉइंट गार्ड म्हणजे पंगतीत वाढणारी बाई हो! चेंडू घेऊन पुढे यायचं, कुणाचं पान रिकामं आहे ते एका नजरेत हेरायचं आणि तिला वाढायचं. स्वतः शेवटी जेवायचं.

नावं दोन होती. एक खोपोलीची सोनाली. उंचीने नारळाचं झाड, बूट भगभगीत नारिंगी. चेंडू हातात आला की बाकीच्या चौघींनी आरती करत उभं राहायचं! दुसरी कडावच्या पलीकडच्या वाडीवरची वनिता. चणीने लहान, पण चेंडू असा द्यायची की घेणारीलाच वाटावं, मीच हुशार! तिच्या कॉलेजात संघ नव्हता. इथे नाव लागलं नाही तर यंदाचा तिचा खेळ संपलाच.

मैदानाच्या कडेला पिंपळ आहे. माझ्या रोजच्या एकशे आठ प्रदक्षिणा चालू असताना मी दोघींना आठवडाभर बघितलं होतं. माझं मत पक्कं होतं. पण मला विचारतो कोण!

समितीने चार बैठका घेतल्या. कडावचे डेअरीवाले कोंडाजीभाऊ सोनालीकडे, प्रशिक्षक संतोषसर वनिताकडे, आणि आमचे हे तटस्थ. ह्यांना भाजी कोणती आणू म्हणून विचारलं तरी हे तटस्थच असतात. शेवटी निर्णायक मत अध्यक्षांचं, असं ठरलं. कधी? तर यादी पाठवायच्या शेवटच्या दिवशी, साडेअकराची मुदत असताना, अकरा वाजता. सोमवारी!

"वैनी, बोला आता," कोंडाजीभाऊ म्हणाले.

"तिचं मौन आहे. खुणेने सांगेल," हे म्हणाले. "मला सगळं कळतं तिचं."

वनिता आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन ओटीवरच बसली होती. सोनालीने स्वतःचा व्हिडिओ पाठवला होता. गाण्यासकट. वनिताकडे सरळ बोट दाखवलं असतं, पण माणसाकडे बोट दाखवणं माझ्या स्वभावात नाही!

मी तळहात खांद्याखाली धरून दाखवला. म्हणजे ती लहान चणीची.

"बघा! बुटकी नको म्हनतात," कोंडाजीभाऊ खूश.

मी दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू पुढे दिल्याची खूण केली.

"उठा, निघा म्हणते," हे म्हणाले.

मी पळीने पंगतीत वाढून दाखवलं.

"पोहे आणू का विचारते! आण, आण."

"वैनी, मला बिगरमिरचीचं," कोंडाजीभाऊ म्हणाले.

तेवढ्यात आतून वास आला. गॅसवर नैवेद्याची खीर! मी दारात अडकलेली, कारण वाटेत चेंडूंची पोती टाकून संतोषसर त्यांच्यावरच बसलेले. मी जिवाच्या आकांताने दोन्ही हात वर, वर नेऊन दाखवले. उतू चाललंय हो!

"उंच! लय उंच! सोनालीच!" कोंडाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. "लिवा वो नाव."

ह्यांनी मोबाईल काढला. अकरा वाजून एकवीस मिनिटं. 'सो' उमटलासुद्धा! मग मात्र माझा तोल गेला. मी तिघांच्या डोक्यांकडे बोट केलं, सुपात घेऊन पाखडल्यासारखं केलं आणि तळहातावरून एक फुंकर सोडली.

"उकडतंय तिला," म्हणत ह्यांनी पंखा लावला.

इतक्यात ओटीवरून वनिता उठली, पोत्यांवरून टुणकन उडी मारून आत गेली आणि गॅस बंद करून बाहेर आली.

"तुला कसं कळलं गं?" संतोषसर उठून उभे राहिले.

"काकू कवाच्या सांगतायत, उतू जातंय."

"आणि त्याआधी?"

वनिता खाली बघत म्हणाली, "ते मी कसं सांगू? माजंच नाव हाय. लहान चनीची, पास देनारी, पंगतीत वाढतात तशी सगल्यांना देनारी, असं म्हनल्या त्या."

मी मान इतकी हलवली की मंगळसूत्र पाठीवर गेलं!

"अहो, ह्यालाच पॉइंट गार्ड म्हणतात!" संतोषसर ओरडले. "मैदानावर खुणाच वाचायच्या असतात!"

ह्यांनी 'सो' खोडून वनिताचं नाव घातलं आणि अकरा सत्तावीसला यादी गेली. देव पावला! मी शांतपणे खीर बघायला आत वळले.

तिथेच चुकलं. पाठ फिरली की खुणा करता येत नाहीत.

"पोरी," बाहेरून कोंडाजीभाऊंचा आवाज आला, "आन ते सुपावानी केलं, ते काय व्हतं गं?"

वनिता सरळ मुलगी. आलेला चेंडू हातात ठेवत नाही, लगेच पुढे देते.

"त्या म्हनल्या, तिगांच्या बी डोक्यात नुसता भुसा हाय. पाखडून बगितला तरी दाना निघायचा नाय."

बाहेर अशी शांतता पसरली की आता मौन नक्की कुणाचं आहे, मला कळेना.

बारा वाजता नैवेद्य दाखवला, माझं मौन सुटलं. मोडलं नाही हं, एक अक्षर बोलले नव्हते! खिरीची वाटी घेऊन मी बाहेर आले. संतोषसर छताकडे बघत होते. कोंडाजीभाऊ चपला शोधत होते, त्या पायातच होत्या.

आणि आमचे हे, सव्वीस वर्षांत प्रथमच माझी परवानगी घेतल्यासारखे, हळूच म्हणाले, "मग... तो पंखा बंद करू का?"