बुधाजीमामांची अर्धी फिल्म

बुधाजीमामांनी काढलेल्या लग्नाच्या फिल्मला आवाज नसतो. चुकून राहिला असं नाही, ते तो मुद्दाम काढून टाकतात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी हौसेनं दिवसभर मोबाइलवर शूटिंग केलं आणि पंधरा दिवसांनी आमच्या ओटीवर सगळ्या घराला बसवून दाखवलं. भटजींचं तोंड हलतंय, वरात नाचतेय, नवरीची आई रडतेय, आणि सगळं ठार मुकं. मध्येच काळी पाटी येते. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत, ‘नवरदेव घाबरला आहे.’ थोड्या वेळानं दुसरी, ‘वरणात मीठ कमी. व्याही बोलत नाहीत.’

काका भडकले. “अरे बुधाजी, मुरबाडवरनं बेंजो आणला व्हता. त्याचा आवाज कुठं हाय?”

“पोरांच्या पायाकडं बघ,” मामा शांतपणे म्हणाले. “ऐकू येतो का नाय?”

आम्ही सगळे पायांकडे बघायला लागलो. काकांची मान ठेक्यावर हलायला लागली. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते उठून आत निघून गेले आणि पुढचे चार दिवस मामांशी बोलले नाहीत. मामांची त्याला काहीच हरकत नव्हती.

बुधाजी विशे हे माझे सख्खे मामा नव्हेत. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे आणि आमच्या परसाला लागून त्यांचं. सत्तरी उलटलीय, एकटे राहतात. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून मला ते ‘मास्तरीण’ म्हणतात आणि माझ्या विषयाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. तरुणपणी ते तंबूतल्या टॉकीजवर मशीन चालवायचे. म्हसा, कसारा, डोळखांब, जिथे जत्रा तिथे तंबू. एकदा डोळखांबकडच्या एका पाड्यावर खेळ अर्ध्यावर असताना भोंगा जळाला. मालक खेळ बंद करायला निघाला, पण पब्लिक हलेना. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “चालूंदे रं. आता कुठं नीट दिसाय लागलंय.”

त्या म्हातारीला मामा आजही गुरुस्थानी मानतात. “आवाज म्हंजे लोणचं गो,” ते म्हणतात. “नसलं तरी जेवान व्हतं.” मग त्यांनी मुक्या सिनेमाचा ध्यास घेतला. कुठून कुठून जुनी पुस्तकं मिळवून वाचली. पहिल्या काळात सेटला छप्पर नसायचं, वर धोतराचं कापड ताणून ऊन गाळून घ्यायचे, बायका कामाला मिळायच्या नाहीत म्हणून चांगल्या मिशीवाल्या गड्याला मिशी काढून लुगडं नेसवायचे, फिल्म लाकडी चौकटीला गुंडाळून टाकीत बुडवून धुवायचे. हे सगळं ते अशा थाटात सांगतात, की त्या गड्याची मिशी यांनीच भादरली असावी.

त्या काळी एखादा प्रसंग संपवताना भिंगापुढचं भोक हळूहळू बारीक करत नेत आणि माणूस गोल अंधारात बुडून जाई. मामा हे मुठीनं करतात. समोरचा कंटाळवाणं बोलायला लागला, की हाताची पुंगळी डोळ्याला लावायची आणि त्याच्या तोंडावर ती सावकाश आवळत न्यायची. ग्रामसभेत एका पुढाऱ्याला त्यांनी असं तीनदा मिटवलं. तिसऱ्या वेळी पुढाऱ्यानं भाषण थांबवून विचारलं, “बुधाजीराव, हे काय चाललंय?” मामा म्हणाले, “तुमचं झालं. पुढचा सीन घेऊंदे.”

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मीच त्यांना बोलावलं, ही माझी चूक. मुख्याध्यापक भाषणाला उभे होते. मामा ओरडले, “हाय तसे ऱ्हावा! कोनी हलू नका!” सगळं स्टेज पुतळा झालं. मग कॅमेरा बंद करून त्यांनी मुख्याध्यापकांना हाताला धरून विंगेत नेलं आणि कॅमेरा पुन्हा सुरू केला. फिल्म दाखवली तेव्हा बोलता बोलता मुख्याध्यापक जागच्या जागी नाहीसे झाले. पोरांनी असा टाळ्यांचा कडकडाट शाळेच्या इतिहासात केला नव्हता. मुख्याध्यापकांनी मला पुढे महिनाभर फक्त चिठ्ठीतून सूचना दिल्या.

इतकं सगळं होऊनही गेल्या मार्गशीर्षात मी त्यांच्या तावडीत सापडले. झालं असं, की मी अंगणात शेवयांचं यंत्र फिरवत बसले होते. मामा कुंपणाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, “मास्तरीण, तुझा हात एका लयीचा हाय गो.”

स्तुतीला मी भुलले. दुसऱ्या दिवशी ते मला घरी घेऊन गेले आणि भाताच्या कणगीतून एक काळं फडकं बांधलेली सागवानी पेटी बाहेर काढली. हाताचा दांडा असलेला जुना कॅमेरा. फडकं त्यांनी सोडलं नाही. “हिच्यात फिलम हाय,” ते म्हणाले. “नऊ वर्सं झाली. अर्धीच घेतलीय.”

अर्धी म्हणजे काय, ते त्यांनी मला काडीनं मातीत चौकट काढून समजावलं. जुनी करामत आहे. भिंगापुढे काळा कागद लावून चौकटीची उजवी बाजू झाकायची आणि डाव्या बाजूला एक माणूस बसवून चित्र घ्यायचं. मग झाकण लावून फिल्म मागे फिरवायची, आता डावी बाजू झाकायची आणि त्याच फिल्मवर उजव्या बाजूचा माणूस घ्यायचा. फिल्म धुतली की दोघं शेजारी शेजारी.

“डावीकडं अनसूया हाय,” मामा म्हणाले. “बाकड्यावर वाल सोलत बसलीय. उजवीकडं मी बसनार व्हतो, दांडा ती फिरवनार व्हती.”

अनसूयामामींना मी पाहिलेलं होतं. कुणाच्याही लग्नात त्या चुलीकडे असायच्या, त्यामुळे त्या इतक्या लग्नांच्या इतक्या फिल्ममध्ये कुठेच नाहीत. घरात त्यांचा एक फोटो आहे, तोही रेशनकार्डापुरता. हलती-बोलती मामी या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती, त्या काळ्या फडक्यातल्या पेटीत. दुसरा भाग घेतल्याशिवाय फिल्म धुता येत नव्हती, कारण एकदा धुतली की तिच्यावर पुढे काही उमटत नाही. आणि आपला भाग घ्यायला मामांना दुसरा हात हवा होता. हाताच्या वेगात फरक पडला की दोघांचा मेळ बसणार नाही, एक माणसासारखा आणि शेजारचा बाहुलीसारखा. एकदा धरणावर नोकरीला असलेल्या भातसानगरच्या पुतण्याला त्यांनी बसवून पाहिलं होतं. “पानी सोडल्यागत फिरवतो,” असा शेरा मारून त्याला परत पाठवला.

म्हणून माझी तालीम सुरू झाली. कॅमेऱ्यावर नाही, शेवयांच्या यंत्रावर. सेकंदाला दोन फेऱ्या, कमी नाही, जास्त नाही. मोजायचं, पण एकापासून नाही. आमच्याकडे भात मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात, तसंच, “लाभ, दोन, तीन, चार...” साठपर्यंत. साठ फेऱ्या म्हणजे अर्धा मिनिट, तेवढीच फिल्म होती. बातमी पसरली आणि शेजारणी आपापलं भिजवलेलं पीठ घेऊन यायला लागल्या. पौष संपेपर्यंत मी अर्ध्या आळीच्या वर्षभराच्या शेवया केल्या. माझा नवरा म्हणाला, “शूटिंग राहू दे, तू हा धंदाच काढ.” मामांनी त्याला मुठीत मिटवला.

शूटिंग माघात, सकाळी नऊला. कारण तेव्हा मामीचं शूटिंगही माघात, सकाळी नऊला झालं होतं. फणसाची सावली जोत्याच्या तिसऱ्या दगडाला टेकली पाहिजे. मामा पांढरा शर्ट घालून, दाढी करून तयार होते. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला होता आणि काळा कागद डावीकडे लावला होता. सावली दुसऱ्या दगडावर होती. आम्ही थांबलो.

वेळ होता म्हणून मी शिक्षकी सवयीनं विचारलं, “मामा, मामी काय बोलतात त्यात? म्हणजे तुम्ही उत्तर काय देणार ते ठरवलंय ना?”

मामा सावलीकडे बघत राहिले. “म्हायती नाय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी तिला म्हनलो, तू बोल कायपन. आवाज थोडाच येनार हाय? तर ती बोलाय लागली. अख्खा टाइम बोलत व्हती. वाल सोलायचीबी थांबली. शेवटाला पदरानं डोळं पुसलं. हसून पुसलं का रडून, तेबी नाय सांगता येत.”

“पण तुम्ही समोरच होतात की!”

“मी मोजत व्हतो गो.”

पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बाई चार हातांवर बसून बोलत होती आणि हा माणूस लाभ, दोन, तीन करत होता. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू.

“नंतर विचारायचं नाही?”

“इचारलं ना. जेवताना इचारलं. तर म्हनाली, आता तुमच्या फिलममदी बघा.” मामा किंचित हसले. “मी म्हनलो बरं, माझा भाग झाला का धुतो नि बघतो, ओठावरनं कळंल. दुसऱ्या दिवशी ढग आलं. तिसऱ्या दिवशी सावली चुकली. मग म्हनलो, पुढच्या माघाला घेऊ. पावसाळ्यात ती गेली.”

सावली तिसऱ्या दगडाच्या कडेला आली होती. मामा उठले, बाकड्याच्या उजव्या टोकाला जाऊन बसले. डावीकडची जागा रिकामी सोडली, आणि तिथे कुणाचा तरी पदर पडलेला असावा तसं आपलं धोतर अंगाशी ओढून घेतलं.

“मग आता तुम्ही काय करणार?” मी विचारलं.

“काय करायचं? ऐकनार.”

मी भिंगावरचं झाकण काढलं. मनात लाभ म्हटलं आणि दांडा फिरवला.

मामा डावीकडे वळले. तेवढंच. हसले नाहीत, हातवारे केले नाहीत, कसलाही अभिनय केला नाही. कान थोडा पुढे करून ते रिकाम्या बाकड्याकडे बघत बसले. विसाच्या पुढे कधीतरी त्यांची मान हो म्हटल्यासारखी हलली. चाळिसाला भुवया वर गेल्या, ‘असं?’ म्हणावं तशा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण एक हात दांड्यावर आणि दुसरा पेटीवर, त्यामुळे ते तसंच वाहू दिलं. हात मात्र चुकू दिला नाही. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. मी थांबले आणि झाकण लावलं.

“झालं, मामा.”

ते उठले नाहीत. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“थांब गो बाय,” ते हळूच म्हणाले. “तिचं बोलनं संपूंदे.”